पुसलेला लाल रंग

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मीही आजवर उत्तरपत्रिका आणि अर्ज सोडून काही लिहिलेलं नाही. गाडीच्या विम्याबद्दल लिहायला त्यातलं कळणारी माणसं आहेत, मी कोण? पण गेल्या दोन वर्षांत काही जणांनी आमच्यासाठी जे केलं त्याबद्दल मला त्यांच्यासमोर कधी धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय. कुठे लांबलं तर सांभाळून घ्या.

आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बाबा ड्रायव्हर झाले. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून शेवटी त्यांनी स्वतःची एक जुनी पांढरी गाडी घेतली, टूरिस्ट परवान्याची. आम्ही राहतो चारकोपला, पण त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं पार्ल्यात होती, बहुतेक सगळी म्हातारी माणसं. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं, बँकेत न्यायचं, हात धरून पायऱ्या चढवायच्या. बाबांना हे काम आवडायचं.

एका सकाळी पार्ल्यातच, गल्लीच्या तोंडाशी, बाबा पुढची रांग हलायची वाट बघत गाडी थांबवून बसले होते. मागून डाव्या बाजूने एक लाल गाडी घुसली आणि आमच्या गाडीचे डावीकडचे दोन्ही दरवाजे चेपत, घासत पुढे गेली. लागलं कुणालाच नाही. पण त्या लाल गाडीवाल्याने पोलीस ठाण्यात नेमकं उलटं सांगितलं. तो म्हणाला, मी थांबलो होतो, यांनीच गाडी माझ्या अंगावर घातली. साक्षीदार कुणी पुढे आला नाही. बाबांचा शब्द आणि त्याचा शब्द, एवढंच उरलं.

आमचा विमा फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा, स्वस्तातला. म्हणजे भरपाई मिळणार तर ती लाल गाडीच्या विमा कंपनीकडून, आणि तीही चूक त्या गाडीची होती असं ठरलं तरच. तोपर्यंत आमची गाडी बंद. बाबा पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर जाऊ लागले.

कंपनीचा माणूस गाडी बघायला येणार असा निरोप आला, तेव्हा घरात पाहुणा यायचा असल्यासारखी धावपळ झाली. आईने पोहे भिजवले. बाबा खाली जाऊन गाडीभोवती फिरून आले आणि मला म्हणाले, "अरे, सायब येतलो. गाडी अशी दाखवूची काय त्यांका?"

मी बादली घेऊन खाली गेलो. गाडी धुतली. दरवाज्यांवर लाल रंगाचे लांब ओरखडे होते, ते पाण्याने जाईनात. मग शेजारच्या काकांकडून पॉलिशचा डबा आणला आणि तासभर घासघासून सगळा लाल रंग काढला. चेपलेले दरवाजे तसेच, पण चकचकीत. बाबा वरून बघून म्हणाले, "आता कशी माणसासारखी दिसता!" मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

साहेब आले, पोहे खाल्ले नाहीत. दरवाज्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "दुसऱ्या गाडीचा रंग कुठाय?"

"काढला ना, साहेब," बाबा हसून म्हणाले. "मुलग्याने काढला. कॉलेजला आहे."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि चहा न घेता गेले. पुढे कंपनीचं उत्तर आलं: नुकसान सांगितलेल्या घटनेशी जुळत नाही, खुणा मुद्दाम नष्ट केल्याचं दिसतं. मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं, पण ते शेवटचं वाक्य गाळलं. ते त्यांना कळायला सहा महिने लागले, आणि तेही दाव्यासाठी लावलेल्या वकिलांकडून. मला रागावले नाहीत. जेवता जेवता फक्त एवढंच म्हणाले, "म्हणजे मी लबाड ठरलंय."

प्रकरण अपघात-दाव्यांच्या न्यायाधिकरणात गेलं. तारखा पडत राहिल्या.

गाडी आम्ही चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. तिथल्या मेकॅनिकदादांनी तिला एक कोपरा दिला आणि दीड वर्षात त्या जागेचं नावही काढलं नाही. माझी खेचायला मात्र एक दिवस सोडला नाही. "काय रे कॉलेजवाल्या, चोर येऊन गेला आणि तू घर सारवून ठेवलंस! आज कुठला पुरावा पुसायला आलास?" आणि लगेच चहा पुढे करायचे. "घे यार. तुझ्या बापाचा हात मला माहितीये. तो उभ्या गाडीला जाऊन ठोकेल होय!" त्या दिवसांत बाहेरच्या कुणीतरी असं म्हणणं आम्हाला किती हवं होतं, ते त्यांना माहीत नसेल.

पार्ल्यातल्या एक बाई बाबांच्या जुन्या गिऱ्हाईक. विमा कार्यालयातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. गाडी बंद पडल्यावरही बाबा त्यांना रिक्षाने डॉक्टरकडे नेत असत. त्यांनीच निरोप पाठवला, मुलाला कागद घेऊन पाठवा. मी कंपनीच्या नावाने एक लांबलचक अर्ज लिहून नेला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली.

"'प्रचंड वेगाने आलेल्या बेदरकार चालकाने'. तू तिथे होतास?"

"नाही, बाई. कॉलेजमध्ये होतो."

"मग वेग काय कॉलेजातून मोजलास?" आणि ती ओळ खोडली. पुढची खोडली. त्याच्या पुढचीही. दोन पानांत शेवटी माझं नाव आणि पत्ता उरला.

"आता सांग, या सगळ्यातलं तू स्वतः, डोळ्यांनी काय पाहिलंस?"

मी खोडलेल्या ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणालो, "लाल रंग. मीच पुसला तो."

"मग तेवढंच लिही."

मला ते पटलं नाही. आपल्याच हाताने कबुली द्यायची? बाई म्हणाल्या, "अरे, त्यांना तुमचा संशय येतो तो रंग गेला म्हणून नाही, का गेला ते कुणी सांगितलं नाही म्हणून. लाज वाटते का?" मी हो म्हणालो. "वाटू दे. लिही."

मी लिहिलं. साहेब येणार म्हणून गाडी धुतली, कुठल्या कापडाने, कुठपासून कुठपर्यंत ओरखडे होते, कुठले खोल होते, कुठले वरवरचे. एक पान झालं. शेवटी लिहिलं, हे माझ्या हातून झालं, वडिलांनी फक्त गाडी स्वच्छ करायला सांगितली होती. बाईंनी वाचलं आणि प्रथमच काही खोडलं नाही. अर्जाच्या प्रती कुठे कुठे द्यायच्या, तेही त्यांनीच लिहून दिलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी कंपनीचे दुसरे अधिकारी गॅरेजमध्ये आले. माझं पान त्यांच्या हातात होतं. प्रत्येक वाक्य वाचायचे आणि दरवाज्याकडे बघायचे. मग त्यांनी दादांना दरवाज्याची रबरी पट्टी काढायला सांगितली. पट्टीच्या आतल्या खाचेत लाल रंग होता, अगदी ताजा असल्यासारखा. आणि पट्टी जिथे फाटली होती तिथे तिची घडी पुढच्या चाकाच्या दिशेला पडली होती.

"आपली गाडी पुढे जाऊन घासली असती तर घडी मागे पडली असती," दादा म्हणाले. "ही पुढे आहे. म्हणजे घासणारा मागून पुढे गेला. बघा ना, साहेब, बोट लावून बघा."

अधिकाऱ्यांनी बोट लावलं, फोटो काढले. बाबा बाजूला हात बांधून उभे होते. जाताना अधिकारी मला म्हणाले, "पान नीट लिहिलंय." मला बाईंचं नाव सांगायचं होतं, पण "थँक यू, साहेब" एवढंच म्हणालो.

मग आणखी चार महिने काहीच नाही.

मागच्या बुधवारी मी कॉलेजच्या लायब्ररीत होतो. बाबांचा फोन आला. कॉलेजच्या वेळेत ते कधी फोन करत नाहीत, म्हणून मी धावतच बाहेर आलो.

"कागद इलोहा," ते म्हणाले. "इंग्रजी आसा. वकील फोन उचलनत नाय."

"फोटो पाठवा, बाबा."

फोटो आला तो हललेला, निम्म्यावर अंगठा. मी म्हटलं, राहू द्या, एकेक अक्षर सांगा. गाड्यांच्या नंबरांमुळे त्यांना इंग्रजी अक्षरं येतात. ते सांगत गेले, मी हातावर लिहीत गेलो. मध्येच आईचा आवाज, "सावकाश सांगा हो!" एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला मी त्यांना थांबवलं.

"काय झाला?" बाबा घाबरून म्हणाले.

मी सांगितलं: कंपनीने मान्य केलंय. आपली गाडी थांबलेली होती. चूक लाल गाडीची होती, आणि दुरुस्तीचा सगळा खर्च ते देणार आहेत.