सासूबाईंनी पाहिलेलं कोची

आमच्या घरी कार्टून लागलं की सगळ्यात पुढं बसायच्या त्या माझ्या सासूबाई. नात मागं, लोडाला टेकून. आणि आत्या टीव्हीच्या अगदी पुढ्यात, मांडी घालून, डोक्यावर पदर, कीर्तनाला बसल्यासारख्या. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं रीत आहे. "आज्जी, मला दिसत न्हाई," असं मुलगी ओरडली की त्या वीतभर सरकायच्या आणि पुन्हा हळूहळू मूळ जागेवर यायच्या.

आमचं गाव विट्याच्या पुढं, कोरड्या अंगाला. इथल्या बहुतेक घरांतला एखादा तरी पुरुष देशाच्या कुठल्यातरी शहरात सोनं गाळायच्या दुकानात असतो. सराफ लोक जुने दागिने, कारागिराच्या हातून उरलेला चुरा आणून देतात, तो भट्टीत वितळवून त्यातलं चोख सोनं काढून द्यायचं, असा हा धंदा. माझा नवरा लग्नाच्या आधीपासूनच कोचीला होता. माझं माहेर साताऱ्याकडचं, खंडाळ्याच्या बाजूचं. वडील फौजेत, त्यामुळं माणूस लांब राहतो आणि सुट्टीवर येतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी नवऱ्याची वाट बघणं बापाची वाट बघण्यासारखं नसतं, हे इथं आल्यावर कळलं.

रोज लागणाऱ्या त्या कार्टून मालिकेत एक मुलगी होती आणि तिनं पाळलेलं एक पाणमांजर. दोघं मिळून गावातल्या लोकांच्या लहानसहान अडचणी सोडवायची. कुणाची टोपी पाण्यात पडली, कुणाची बकरी हरवली, असलं काहीतरी. हिंदीत लागायची. एका संध्याकाळी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा टीव्ही चालूच होता.

"ते काय लागलंय गं? फोन जरा तिकडं वळव," तो म्हणाला.

मी फोन टीव्हीसमोर धरला.

"आरं तिच्या! आगं, हे तर हितलंच हाय. ती मासं धरायची मोठी जाळी बघ पाण्यावर. कोचीचीच हायती. आनि ही बाजारपेठ. हिच्या मागच्या गल्लीत आपलं दुकान."

आत्या भाकरी थापत होत्या. पीठ लागलेले हात तसेच घेऊन त्या बाहेर आल्या आणि टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. तव्यावरची भाकरी करपली. ती मी काढली. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला स्वयंपाक आधीच उरकलेला असायचा.

मला वाटलं, नातीमुळं त्यांनाही गोडी लागली. मग एकदा मुलगी शाळेच्या कार्यक्रमामुळं उशिरा आली आणि धावत येऊन विचारायला लागली, "आज्जी, आज पाणमांजरानं काय केलं?"

"कसलं मांजर?" आत्या म्हणाल्या.

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. इतके दिवस रोज समोर बसून आत्यांना त्या गोष्टीत पाणमांजर आहे हेच ठाऊक नव्हतं. त्या पुढची चित्रं बघतच नव्हत्या. गोष्टीतल्या मुलीच्या आणि पाणमांजराच्या मागं जे रंगवलेलं असायचं, घरं, झाडं, रस्ते, होड्या, तेवढंच त्या बघायच्या.

आता विचार केला तर त्यात नवल नव्हतं. त्यांचं सगळं तरुणपण मेंढरांमागं गेलं. दरवर्षी कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि परत यायचं. कुठली विहीर कुठं, कुठल्या वडापाशी वाट फुटते, कुठल्या गावात पाणी भरू देतात, हे सगळं डोक्यात. एकदा बघितलेली वाट त्या विसरत नाहीत. तसंच त्यांनी कोची डोक्यात बसवायला घेतलं होतं.

"हे बघ," त्या मला सांगायच्या, "जाळ्यांपासनं वर आलं की छत्रीसारखं मोठं झाड. झाडाच्या डाव्या अंगाला हिरव्या खिडक्यांची बेकरी. बेकरी वलांडली की बाजार. आनि बाजाराच्या मागं आपलं पोरगं."

बाजाराचं चित्र आलं की त्या आणखी पुढं सरकायच्या. मागं लुंग्या नेसलेली, टोपल्या घेतलेली माणसं काढलेली असायची, पण ती हलायची नाहीत. हलायची फक्त पुढची मुलगी आणि तिचं जनावर. याचा आत्यांना राग यायचा. "नुसती हुबी हायती सगळी. कामधंदा न्हाई व्हय ह्यांस्नी?"

रोजच्या फोनवर आता बोलायला विषय झाला होता. आधी काय, तर जेवलास का, जेवलो, पाऊस आहे का, आहे. आता मुलगी बापाला सांगायची, आज ती होडीतून गेली, आज ती दीपस्तंभावर चढली. तो म्हणायचा, "व्हय का? मंग?" आणि ऐकत राहायचा. त्याचा चेहरा त्या वेळी मला फार आवडायचा.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघी निघालो. हट्ट मुलीचा होता, पण पिशवी सगळ्यात आधी भरली आत्यांनी. शेळ्या चुलत दिराकडं सोपवल्या आणि मिरजेहून गाडीत बसलो. आत्या पहिल्यांदाच इतक्या लांब रेल्वेनं जात होत्या. कर्नाटक लागलं तेव्हा खुशीत होत्या, कारण सीमेवरच्या बाजारांत उचललेले चार कानडी शब्द त्यांना येतात. पुढं भाषा बदलली तरी त्या कानडीच बोलत राहिल्या, आणि चहावाल्यांना त्याचं काही वाटलं नाही.

स्टेशनवर नवरा आला होता. मुलगी त्याच्या गळ्यातून उतरायला तयार नव्हती. त्यानं आम्हाला एका लॉजवर नेलं, स्वच्छ खोली, खाली जेवणाची सोय. आत्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चल, दुकान दाव."

"आजच? दमलीस की. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला काम होतं. "तुमी आज फोर्ट कोची बघून या," तो म्हणाला. "बोटीनं जायचं. दुकान काय पळून जातंय व्हय?"

माझ्या लक्षात आलं नाही, पण आत्यांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

बोटीतून उतरून थोडं चाललो आणि ती जाळी दिसली. लाकडाच्या लांबलचक वाशांना टांगलेली, पाण्यावर वाकलेली. मुलगी नाचायला लागली. आत्या मात्र जाळ्यांकडं पाठ करून उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडं बघायला लागल्या. समोर खरोखरच ते झाड होतं, छत्रीसारखं पसरलेलं, मालिकेत होतं तसंच्या तसं.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठं आत्या?"

"दुकानाकडं. त्यो नेईना तर आपुन जाऊ. मला वाट म्हाईत हाय."

मी अडवायला हवं होतं, पण मलाही उत्सुकता होती. त्या पुढं, नऊवारीचा काष्टा आवरत, आणि आम्ही मागं. झाडापासून डावीकडं वळलो. बेकरी लागली नाही, एक पर्यटकांचं दुकान लागलं. आत्या थबकल्या, पण चालत राहिल्या. पुढं एक मैदान लागलं, पोरं क्रिकेट खेळत होती. पुढं एक चर्च. मग जुन्या गोदामांची लांब भिंत, सुंठ-मिऱ्याचा वास, आणि त्या भिंतीच्या शेवटी सरळ पाणीच.

आत्या पाण्याकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांना वाट चुकलेली मी कधी पाहिली नव्हती. एका लुंगीवाल्या म्हाताऱ्या माणसाला त्यांनी अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत विचारलं. मी हिंदीत विचारलं तेव्हा तो हसला आणि त्यानं पाण्यापलीकडं बोट दाखवलं. बाजार तिकडं, एर्नाकुलममध्ये, जिथून आम्ही सकाळी बोटीत बसलो होतो. बोटीनंच जायला लागतं.

मालिका करणाऱ्यांनी जाळी अलीकडची घेतली होती, बाजार पलीकडचा घेतला होता आणि मधलं पाणी काढून टाकलं होतं. मी आत्यांना तसं समजावून सांगितलं.

"पानी काढून टाकलं?" त्यांचा आवाज चढला. "आसं कसं काढून टाकत्यात? एवढं समुद्रावानी पानी! आनि मी रोज म्हनायची, पोराला मोकळ्या वाऱ्याला बसायला किती जवळ हाय. रोज सांजच्याला जात आसंल."

परत येताना बोटीत मुलगी आत्यांच्या मांडीवर डोकं टेकून झोपली. मी सहज म्हणून नवऱ्याला फोन लावला आणि घडलेलं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. "जाळी कशी हायती गं?" असं त्यानं विचारलं.

"म्हणजे? तुम्ही बघितली असतील की."

"न्हाई बा. दुकान सोडून कुठं जानार? दुकानातल्या क्यालेंडरात आनि टीव्हीवर बघितली तेवढीच."

इतकी वर्षं हा माणूस त्या शहरात राहत होता. स्टेशन, दुकान, सराफांच्या दोन गल्ल्या आणि एक खानावळ, एवढंच त्याचं कोची. बाकीचं त्यालाही आमच्यासारखंच मुलीच्या कार्टूनमधून कळलं होतं. पहिल्या दिवशी फोनवर जाळी ओळखली, तीही त्या कॅलेंडरमुळंच.

बोट पलीकडं लागल्यावर मी लॉजवर गेले नाही. विचारत विचारत आम्ही बाजारात शिरलो आणि मागची गल्ली शोधून काढली. गल्ली अरुंद, दोन्हीकडून ताडपत्र्या टाकलेल्या. दुकान म्हणजे एक लांबट खोली. बनियनवर, घामानं चिंब, नवरा भट्टीपाशी उकिडवा बसला होता. शेजारी आमच्याच तालुक्यातली दोघं. ॲसिडच्या वासानं माझे डोळे चुरचुरायला लागले. आम्हाला दारात बघून तो उठला आणि पहिल्यांदा त्यानं शर्ट शोधला.

आत्यांनी भट्टी बघितली, मग वर बघितलं. वर लाकडी माळा होता आणि त्याला शिडी लावलेली.

"वर काय हाय?"

"काय न्हाई. सामान."

त्या शिडी चढल्या. त्यांना आम्ही कुणी धरलं नाही, धरायची हिंमतच झाली नाही. वर गुंडाळलेल्या तीन वळकट्या होत्या, दोरीवर कपडे, आणि छत इतकं खाली की बसलेल्या माणसाचंही डोकं टेकावं. त्यांनी वरूनच विचारलं,

"हितं झोपतूस?"

"व्हय."

"उकडत न्हाई?"

"सवय झाली आई. झोप लागती. दमलेलं आसतंय की."

आत्या खाली आल्या. रडतील असं मला वाटलं, पण त्यांनी आधी चहा मागवायला सांगितला, आणि चहा पिता पिता म्हणाल्या, "खोली बघ कुठंतरी. मी ऱ्हाते हितं थोडं दीस. भाकरी करून घालते तुमा तिघांस्नी."

"आई, तुला हितं करमंल का? भाषा न्हाई, मानूस न्हाई."

"मेंढराबरबर कुठली भाषा बोलत व्हते मी?"

रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही चौघं बोटीनं फोर्ट कोचीला गेलो. या वेळी वाट दाखवायला आत्या होत्या. नवरा मुलीचं बोट धरून त्यांच्या मागून चालत होता. "ह्ये झाड. त्या अंगाला बेकरी सांगितलीय, ती खोटी हाय. त्यापुढं मैदान," असं त्या सांगत होत्या आणि तो नवख्या पाहुण्यासारखा मान हलवत होता. जाळ्यांपाशी आल्यावर तो थांबला. कोळी वाशांवर चढून दोर ओढत होते, दगडांची वजनं खाली येत होती आणि जाळं पाण्यातून वर येत होतं.

"लय मोठी हायती की," तो म्हणाला. "क्यालेंडरात एवढी वाटत न्हाईत."

मुलीला त्यानं खांद्यावर घेतलं. ती पाणमांजर शोधत होती. ते काही दिसलं नाही, पण एका कोळ्यानं तिला दोर ओढायला दिला, तेव्हा तिनं पाणमांजराचा नाद सोडला.

सुट्टी संपल्यावर मी आणि मुलगी परत आलो. आत्या दिवाळीपर्यंत तिकडंच राहिल्या. दुकानापासून जवळच खोली मिळाली, खिडकी असलेली. रोजचा फोन आता त्याच करायच्या. मासेवालीशी भांडण झालं, मग मैत्री झाली, मग तिच्या सुनेच्या बाळंतपणाला काय खायला घालायचं हे यांनी तिला कानडीत समजावलं. भाकरी खाऊन नवऱ्याची तब्येत सुधारली. खोली त्यानं अजून ठेवली आहे, आणि दर सुट्टीला आम्ही जातो.

दिवाळीनंतर त्या मालिकेचं नवं पर्व आलं तेव्हा ती मुलगी आणि पाणमांजर कोलकात्याला गेलेली दाखवली. आत्यांनी पहिल्या दिवशी पाच मिनिटं बघितलं. ट्राम, पिवळ्या टॅक्स्या, मोठा पूल. "हितं आपलं कोन हाय?" म्हणून त्या शेळ्यांकडं निघून गेल्या.

पण माझ्या मुलीनं ही बातमी शाळेत सांगितली असावी. दोन दिवसांनी खालच्या आळीतली एक बाई दारात आली. तिचा धाकटा भाऊ कोलकात्याच्या दुकानात आहे.

"आवं आत्याबाई," ती संकोचत म्हणाली, "तुमच्या टीव्हीवर कलकत्ता लागतंय म्हनं."

आत्यांनी हातातली चाऱ्याची पाटी खाली ठेवली, तिला आत बोलावलं, टीव्हीपुढं बसायला घोंगडं टाकलं आणि स्वतः शेजारी बसल्या. "भावाचं दुकान कुठल्या अंगाला हाय?" असं विचारून त्यांनी सुरुवात केली. मग भावाच्या लग्नाचं बोलणं निघालं, मुलगी कुठली बघितली, द्यायचं-घ्यायचं काय ठरलं. दोघींची तोंडं बंद होईनात, तेव्हा मागून माझी मुलगी ओरडली, "आज्जी, गप्प बसा की! काय ऐकू येईना."