नसल्याचा पुरावा

सरांनी खडू माझ्या हातात दिला नाही. टेबलाच्या कडेला ठेवला आणि हात मागं घेतला. त्याआधी ते म्हणाले होते, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." गणिताच्या त्या वर्गात उभी राहिले ती मी एकटीच.

फळ्यावर तीन रेषीय समीकरणं होती. तीन अज्ञातं. मी एकेक अज्ञात काढत गेले आणि अडकले. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. शेवटी म्हणाले, "सर, याला उत्तर नाही."

"उत्तर नाही, की तुला येत नाही?"

वर्ग हसला. सरांना जोर आला. "यांचं असंच. जमलं नाही की प्रश्नच खोटा. गणित तुमच्या लोकांना झेपत नाही, बाई. भूगोल घे. सोमवारी विषय बदलून ये."

मी खडू ठेवून बाकावर आले. अपमान तर होताच, पण जास्त जाळलं ते दुसऱ्या गोष्टीनं. उत्तर न सापडणं आणि उत्तर नसणं यातला फरक मला सांगता आला नव्हता.

मी वेल्हे तालुक्यातली. कापूरहोळला मामाकडे राहून एसटीनं कॉलेजला यायचे. बाकावर शेजारी सारोळ्याची मैत्रीण बसायची. ती म्हणाली, "घे की भूगोल. मी तरी कुठं हौसेनं बसलीय हितं? सरांच्या तोंडी लागू नगं. तोंडी परीक्षा त्येच घेत्यात."

मी ग्रंथालयात गेले. पुस्तकात प्रमेय सापडलं. रेषीय समीकरणांच्या बाबतीत दोनच शक्यता. एक तर उत्तर असतं. नाहीतर प्रत्येक समीकरणाला एकेक गुणक असा सापडतो, की गुणून बेरीज केल्यावर डावीकडे शून्य उरतं आणि उजवीकडे शून्य नसलेली संख्या. दोन्ही एकदम नाही. तिसरी वाट नाही. म्हणजे 'नाही' हे नुसतं म्हणायचं नसतं. ते दाखवता येतं. येतंच.

सोमवारी विषय न बदलता गेले. न विचारता फळ्यापाशी गेले, तीच समीकरणं मांडली. पहिल्याला एकानं गुणलं, दुसऱ्याला एकानं, तिसऱ्याला उणे एकानं. बेरीज केली. डावीकडे शून्य, उजवीकडे उणे एक.

"सर, म्हणून उत्तर नाही."

"पाठ करून आलीस. बरं. म्हणून गणित झेपणार आहे का?"

"नाही म्हणणाऱ्यानं गुणक दाखवायचे असतात, सर. मला झेपत नाही, याचे दाखवा."

कुणी हसलं नाही.

"बाहेर हो."

"तास संपल्यावर जाईन." मी जाग्यावर जाऊन बसले.

तोंडी परीक्षेत त्यांनी मला काठावर पास केलं. मी गणित सोडलं नाही. आज तेच शिकवते.

माणसं म्हणजे समीकरणं नव्हेत, एवढं मला कळतं. त्यांच्यासाठी असं प्रमेय नाही, म्हणूनच सरांसारख्यांना पिढ्यान्‌पिढ्या फुकटात 'नाही' म्हणता आलं. मी सरांना माफ केलेलं नाही. मोठेपणा दाखवायची मला हौस नाही.

आता कुणीही, कुठल्याही कचेरीत, कुठल्याही बैठकीत 'तुमचं इथं काम नाही' म्हणालं, की मी खुर्चीतून उठत नाही. कारणं मांडा म्हणते. सगळ्यांसमोर, क्रमानं. मांडता आली तर मी जाते. नाही आली तर जागा माझी.