पिवळ्या डोळ्याचा मासा

हे मी मंजिरीला सांगितलेलं नाही. बायकोला जे सांगता येत नाही ते अनोळखी माणसाला सांगावं, असं काहीसं झालंय माझं. झोप नीट लागत नाही म्हणून सांगतोय असंही नाही. झोप लागते, चांगली लागते. त्याचाच तर कंटाळा आलाय.

आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. मी मूळचा नागपूरचा, मंजिरी मालवणची. तेव्हा सासरी माझी ओळख काय असणार? ‘नागपूरचा जावई, त्याला माशातलं काय कळणार!’ सगळे प्रेमानेच म्हणायचे. पण प्रेमाने म्हटलेलं लागत नाही असं कोण म्हणतं?

माझे सासरे, बाबा, वीज खात्यातून निवृत्त झालेले. माणूस शांत. पण माशांपुढे उभा राहिला की नजर वेगळीच व्हायची. इथे पहिल्यांदा आले तेव्हा दुकानात लाल मासा पाहून मी ऐटीत म्हणालो, तांबोशी आहे. आपली सगळी माणसं इथे त्याला तांबोशीच म्हणतात. बाबांनी कल्ला उघडून पाहिला, पाठीचे काटे पाहिले आणि हळूच म्हणाले, ‘‘ही तांबोशी नव्हे. हिची जात वेगळी.’’ ते बरोबर होते. तो इकडच्या समुद्रातला रॉकफिश होता. त्यावर घरात किती दिवस हसणं चाललं — जाऊ दे.

गेल्या वर्षीची गोष्ट. बाबा पुन्हा आले होते. निखिल म्हणून आमचा मित्र आहे, त्याची लहानशी बोट आहे. हाफ मून बेच्या बंदरावरून तो मला आणि बाबांना घेऊन मासे पकडायला निघाला. वाटेत त्याने समजावलं. खोल पाण्यातले तीन लाल मासे लांबून सारखेच दिसतात, त्यातला एक घरी न्यायला बंदी आहे. ‘‘डोळा पिवळा दिसला की नो डिस्कशन. मला हाक मारायची. वर येताना तो फुगतो, आपला आपण खाली जात नाही; मी वजन लावून त्याला परत खाली सोडतो. डाउट असेल तरी सोडायचा, काका.’’ तो मासा माणसापेक्षा जास्त जगतो म्हणे, आणि फार कमी उरलाय.

बाबा तासाभरात तयार झाले. उरलेल्या दोघांतला फरक ते खालच्या जबड्यावरून बोट फिरवून सांगायचे. खरखरीत लागला तर व्हर्मिलियन, गुळगुळीत तर कॅनरी. निखिल फोटो काढून ताडून बघायचा आणि दर वेळी ‘‘करेक्ट, काका!’’ म्हणून ओरडायचा. बाबा लाजायचे. त्यांच्या गळाला एकामागून एक मासे लागत होते. माझ्या गळाला शेवाळ.

मला हेवा वाटत होता. सासऱ्यांचा, आणि तोही माशावरून! हसू येतं ना? मलाही येतं कधी कधी.

दुपारी लाटा वाढल्या. बाबांना गरगरायला लागलं. शेवटचा मासा त्यांनी कसाबसा वर ओढला, पेटीत टाकला आणि डोळे मिटून खाली बसले. निखिल पुढे नांगर ओढत होता. आणि तेव्हाच — तेव्हाच माझा गळ जड झाला.

मोठा होता. दिवसातला सगळ्यात मोठा. खोलातून वर आल्यामुळे डोळे बाहेर आलेले, आणि डोळे पिवळे. डोक्यावर खडबडीत कंगोरे. शंका नव्हतीच. हाक मारायची होती, एवढंच. मी हाक मारली नाही. मासा बर्फाच्या पेटीत तळाला सारला आणि वर बाबांचे मासे रचले. घरी गेल्यावर सगळ्यांसमोर बाहेर काढायचा, एवढाच विचार. नागपूरच्या जावयाने काय आणलंय बघा.

धक्क्यावर मासेमारी खात्याच्या वॉर्डनने पेटी उघडायला लावली. तिने तो मासा बाहेर काढला आणि विचारलं, हा कोणी पकडला? निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं.

नुसतं पाहून थांबलो असतो तरी — नाही, थांबलो नाही. मी इंग्रजीत स्पष्ट म्हणालो, हे पाहुणे आहेत, वय झालंय, यांना यातला फरक कळत नाही.

बाबांना इंग्रजी चांगलं कळतं.

माझ्या ग्रीन कार्डची अडकलेली फाइल मनात आली होती, हे खरं. पण वॉर्डनने तोंडी समज देऊन सोडलं. मलाही बहुधा तेवढंच मिळालं असतं. तिने माशांच्या चित्रांचं पत्रक काढून बाबांना एकेक मासा बोटाने दाखवला, लहान मुलाला दाखवतात तसा, सावकाश. बाबा टोपी हातात धरून उभे होते, मान डोलावत होते.

घरी आल्यावर ते स्वतःहून मंजिरीला म्हणाले, ‘‘माझ्याकडून चूक झाली गो. शेवटचा मासा मी बघितलाच नाही. समीररावांना उगाच खाली बघायला लागलं.’’ आणि माझ्याकडे वळून त्यांनी माफी मागितली. माझी! मी काय केलं असेल? ‘‘असू दे हो बाबा,’’ म्हणालो. मोठ्या मनाने.

मालवणला परतल्यावर त्यांनी डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम निघाले. तिथेच खरं बिघडलं. डोळे ठीक आहेत, मग चुकलं कुठे? डोक्यात? तेव्हापासून ते गप्प झाले. बाजारात आता आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जातात. मंजिरी इथून रोज फोन करते, औषधं घेतली का, गॅस बंद केला का, विचारते. विसरण्याच्या आजाराबद्दल ती माझ्याशेजारी बसून वाचत असते आणि मध्येच रडते. मी तिच्या पाठीवर हात ठेवतो. एक वाक्य बोललो तर तिचं रडणं थांबेल, हे मला ठाऊक आहे. मी चहा करायला उठतो.

बाबांना काहीही झालेलं नाही. त्या दिवशी त्यांनी एकही मासा चुकीचा ओळखला नव्हता.

परवा रविवारी व्हिडिओ कॉल होता. आईंनी बाजारातून सुरमई आणली होती. बाबांनी ती दोन्ही हातांत धरून कॅमेऱ्यासमोर आणली. सत्तर वर्षं हा माणूस सुरमई खातोय. ‘‘समीरराव,’’ ते म्हणाले, ‘‘जरा बघून सांगता? ही सुरमईच ना?’’

मी म्हणालो, हो बाबा, सुरमईच.

त्यांचा चेहरा सैल झाला. मासा आईंच्या हातात देत ते म्हणाले, ‘‘घे, कर आता. समीररावांनी बघितलीय.’’