भरलेली घागर

माठाखालच्या ओल्या वाळूचा वास आला, की मला मानोरा गावाजवळचा तो कोरडा नाला आठवतो. मी तेव्हा मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि सुट्टीतही धडे द्यायची मला भारी खोड. चार वर्षांच्या लेकीला रानात नेऊन देवावरचा विश्वास शिकवायचा, म्हणून मी बायकोला भरलेली घागर घरीच ठेवायला लावली. म्हटलं, डोंगरात झरा आहे, देव पाजेल. चैत्राचं ऊन, दोन कोसांची चाल, आणि झऱ्याच्या जागी नुसते तापलेले दगड! पोर आधी रडली, मग रडायचीही थांबली आणि माझ्या खांद्यावर मान टाकून पडली. घाबरून मी तिला तिच्या आईजवळ दिलं, तिथल्याच कोरड्या नाल्यात गुडघे टेकले आणि डोळे मिटून मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली. बऱ्याच वेळानं बायको कडाडली, "मास्तर, डोये उघडा आता! मी एकटीच वाळू उपसून राह्यली, देवानं तुमाले हात कायले देल्ले?" हातभर खड्ड्याच्या तळाशी गढूळ पाणी झिरपत होतं. तिनं पदर भिजवून पोरीच्या तोंडात पिळला. पोरीनं घोट गिळला आणि ती पुटपुटली, "आनखी दे, माय." आता म्हातारपणी प्रार्थनेला बसताना मी आधी हळूच घागर हलवून बघतो आणि मगच डोळे मिटतो.