जेवला का गा?

पागलखान्याचे ते डॉक्टर आरोपीच्या बाजूनं साक्षीला आले, की मी सरकारी वकील असूनही खूश व्हायचो. गोलमटोल, हसरे, कोटाच्या खिशात फुटाणे. साक्ष देता देता ते मध्येच आरोपीकडे वळून विचारायचे, "जेवला का गा?" न्यायाधीश दटावायचे. हे माफी मागायचे आणि पुढच्या तारखेला पुन्हा तेच विचारायचे.

एकदा आरोपी होता उमरेडचा विणकर. त्यानं एकुलत्या एका सख्ख्या भावाचा खून केला होता. डॉक्टरांचं म्हणणं, आपण काय करतोय हे त्या वेळी त्याला कळतच नव्हतं.

मी विचारलं, "गाईला पाय किती, हे यानं तुम्हाला बरोबर सांगितलं. मग हा वेडा कसा?"

"वकीलसाहेब, वेडाचं सोंग घेणारा पाच सांगते. चुकायची घाई त्यालेच राहते. खऱ्या वेड्याचं गाईशी काय भांडण?"

सगळं कोर्ट हसलं. मीही हसलो. तेवढ्यात डॉक्टर वळलेच. "जेवला का गा?"

विणकर दाराकडे बघत म्हणाला, "माहा भाऊ डबा घेऊन येऊन राहिला. तो आला का मंग दोघंही जेवतो."

या वेळी न्यायाधीशांनी दटावलं नाही. पुढचा प्रश्न न विचारताच मी खाली बसलो.