पुलावरचा राक्षस

अबुधाबीतल्या एका मॉलमध्ये तलवारबाजीच्या जुन्या गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती मांडली होती. प्रत्येकाला एकदाच खेळायला मिळणार होतं. जुनी आमच्या घरी आहेच, म्हणून नवी घ्यावी का हे ठरवायला मी दोन्हींतल्या फरकांची यादी करत होते.

रांगेत माझ्या आणि लेकीच्या पुढे एक रिगर होता, रुवैसच्या साइटवर क्रेनला लोड बांधणारा. त्याने हात पँटला पुसून कंट्रोलर घेतला. म्हणाला, "ताई, रूमवर जुना गेम आहे. पुलावरच्या राक्षसाने चार वर्षं मला पुढे जाऊ दिलेलं नाही."

राक्षस आला. लेक ओरडली, "अंकल, रन!" तो पळाला नाही. मान किंचित तिरकी करून, वर चढणाऱ्या लोडकडे बघावं तसा, राक्षसाच्या खांद्याकडे बघत राहिला. मारायला खांदा हलला की हा बाजूला व्हायचा आणि लगेच वार करायचा. दहा मिनिटांत राक्षस कोसळला.

"खलास!" तो असा गरजला की अख्खी रांग टाळ्या वाजवायला लागली.

"मग, नवा चांगला?" मी विचारलं.

"शंभर टक्के. जुन्यात एवढा अंधार, की त्याचा खांदा दिसायचाच नाही. मला वाटायचं, मलाच जमत नाही."

पुलापलीकडे हिरवी दरी उघडली होती. मागची मुलं "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करायला लागली. तो मात्र छाती काढून, अगदी सावकाश, पूल ओलांडून गेला.