आत्याने धुतलेले कोळसे

तुमच्या आईने पत्रात लिहिलं आहे की इंदूरच्या अंगणातली लिंबोणी तीन वर्षं झाली तरी फळ धरत नाही. तुमच्या आजोबांनी मला उतारवयात इंग्रजी शिकवलं, तेव्हा झाडांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं. मी ते ओळन् ओळ वाचलं. लिंबोणी रुसली तर काय करावं, हे त्यात नाही. ते मला माझ्या आत्यामुळे ठाऊक आहे, आणि तिला ते चुकून कळलं. क्रमाने सांगते.

तेव्हा पुण्यात पेशवाई होती आणि मी आठ वर्षांची होते. आमचं घर सदाशिव पेठेत. वडील दफ्तरात कारकून होते. आत्या त्यांची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, परसातली लिंबोणी. ती तिने बी पेरून वाढवली होती. तिच्या लोणच्याची बरणी पेठेतल्या चार घरी जायची, आणि त्या चार घरांत आत्याचा शब्द चालायचा.

पण गाय त्याच झाडाला बांधायचो. तिच्या खुरांनी बुंध्याभोवतीची माती फरशीसारखी घट्ट झाली, आणि सलग दोन वर्षं एक लिंबू लागलं नाही.

वडील म्हणाले, "आक्का, येत्या मृगाला कळी आली तर ठीक. नाहीतर झाड काढून तिथे गोठा बांधतो."

"बांध की. गाय निदान दूध तरी देते," आत्या म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

आता कोळशाकडे येते. देवाच्या नैवेद्याचं दूध आत्या सोवळ्यात, शेगडीवर तापवायची. कोळसे धायरीचा एक म्हातारा बैलाच्या पाठीवर लादून आणायचा. कुणाकुणाचे हात लागलेला कोळसा देवाच्या दुधाखाली कसा घालायचा? म्हणून आत्या प्रत्येक पोतं हौदाच्या पाण्याने दोनदा धुवायची. मग शेगडी पेटायची नाही, घरभर धूर व्हायचा, दुधाला धुराचा वास लागायचा आणि दोष म्हाताऱ्यावर यायचा.

"तुझे कोळसे कच्चे असतात," एकदा तिने त्याला दारातच सुनावलं.

म्हातारा पायरीवर बसला. "बाई, खड्ड्यात तुराट्या आन् बाभळीची लाकडं रचतो. चांगला जाळ धरला की वरून माती लोटून त्याचं तोंड दाबतो. धूर निळा व्हऊन इरंस्तवर हालत न्हाई. वारा मिळाला तर राख हुती, न्हाई मिळाला तर कोळसा. माझा कोळसा कच्चा न्हाई. दावा बरं."

मला राहवलं नाही. मी त्याला परसात नेलं. तिथे धुतलेले कोळसे सुपांतून वाळत होते, आणि शेजारी धुताना फुटलेल्या चुऱ्याचा ढीग होता. आत्या काहीही टाकून देत नसे. म्हाताऱ्याने एक ओला कोळसा उचलून बोटांत फिरवला.

"कोळसा उगाळला तर काळाच, हे ऐकलं हुतं," तो म्हणाला. "धुवून बघितल्याली तुमीच पैल्या."

"काळा असू दे. सोवळ्यातला काळा असू दे."

वडील ओसरीवरून म्हणाले, "आक्का, तो अग्नीतून निघालाय. त्याला कसला विटाळ?"

"मग तू रोज अंघोळ कशाला करतोस? शेगडीवर बसत जा."

म्हातारा लिंबोणीकडे बघत होता. त्याच्या जुन्या खड्ड्याच्या जागी, त्याने सांगितलं, वांगी माणसाच्या खांद्याला लागतात. हा चुरा पंधरा दिवस शेणात आणि गोमूत्रात भिजवावा, मग माती उकरून मुळांभोवती मिसळावा, आणि गाय दुसरीकडे बांधावी. नुसता कोरडा घातला तर तोच मातीचा कस पिऊन बसतो.

आत्या झाडाचं नावही काढेना. तिने फक्त विचारलं, "गोमूत्रात?"

"व्हय."

"म्हणजे शुद्ध होईल," ती म्हणाली, आणि लगेच घंगाळ शोधायला लागली.

पंधरा दिवस परसात जो वास सुटला, त्याबद्दल शेजारीण म्हणाली, "तुमच्याकडे काही विशेष आहे का?" आत्या म्हणाली, "आहे. पण बोलावणं नाही." नंतर तिने आणि मी खुरप्याने माती उकरली. माझी नखं होळीपर्यंत काळी होती. गाय अंगणात आली, आणि दफ्तरात जाताना वडिलांना तिच्या शेपटीखालून वाकून जावं लागायचं.

मृग लागला. आत्या रोज पहाटे झाडाखाली जायची आणि तशीच परत यायची. वडिलांनी गोठ्यासाठी वासे आणून ठेवले होते. ते तिला जाता-येता दिसायचे. आठव्या दिवशी ती परत आली ती थेट वाशांपाशी गेली आणि त्यांवर ओली लुगडी वाळत घालायला लागली. मी परसात धावले. फांदीच्या टोकाला जांभळट पांढऱ्या कळ्या होत्या, मोजून पाच. वडिलांनी लुगडी पाहिली. पुढे गोठा अंगणातच बांधला.

थंडीत लोणचं झालं, तेव्हा पहिली बरणी धायरीला, म्हाताऱ्याकडे गेली. कोळशाचा वादही मिटला. म्हातारा आला की आत्या त्याच्यासमोर पोत्यातला एकच कोळसा धुवायची, मग बाकीचे सगळे धुतल्यासारखे धरायची. तो एक ओला कोळसा ती गोमूत्राच्या घंगाळात टाकायची. त्याची जागा आता झाडापाशी ठरली होती.

तुमच्या आईला सांगा, चुरा बारीक असावा, आणि आधी भिजवायला विसरू नये. वासाचं शेजाऱ्यांना काय सांगायचं, ते तिचं तिने ठरवावं.